एका विचारणेला अनेक भाव : पैसे धाडणाऱ्या आज्ञावलीची नवी परीक्षा

मुंबई/ प्रतिनिधी

सिंगापूरमध्ये नोकरी करणाऱ्या एखाद्या तरुणाला मढच्या कोळीवाड्यातील आपल्या आईच्या खात्यात वीस हजार रुपये जमा करायचे असतील, तर त्याने सिंगापूरचे किती डॉलर मोजावेत? प्रश्न साधा दिसतो. त्याचे उत्तर मात्र एक नसते. बँक आपला भाव सांगते, पैसे पाठविणारी कंपनी आपला सांगते आणि चलनांची अदलाबदल करणारे व्यापारी आपापला सांगतात. शिवाय हे सारे भाव क्षणाक्षणाला बदलत असतात. पैसे धाडणाऱ्या संगणकीय आज्ञावल्या वर्षानुवर्षे एक विचारणा करायच्या, एक उत्तर घ्यायच्या आणि व्यवहार उरकायच्या. आता एकाच विचारणेला अनेक भाव, तेही एकामागून एक, वाहत्या प्रवाहासारखे येऊ लागले आहेत. हा प्रवाह पेलण्यासाठी आज्ञावलीत नेमके काय बदलावे लागते आणि तो बदल अर्धवट राहिला तर कोणाच्या खिशाला कात्री लागते, हे समजून घेणे केवळ संगणक अभियंत्यांचे काम राहिलेले नाही.

कारण यात गुंतलेली रक्कम मोठी आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२३-२४ या वर्षात परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी ११८.७ अब्ज डॉलर पाठविले. त्यात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होता. असा पैसा पाठविण्याचा खर्च २०३० पर्यंत तीन टक्क्यांच्या खाली आणावा, असे संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत म्हटले आहे. वीस हजार रुपयांवर एक टक्का म्हणजे दोनशे रुपये. ही रक्कम दर महिन्याला जात राहिली, तर वर्षाकाठी दोन हजार चारशे रुपये होतात. हा खर्च दरवेळी 'शुल्क' म्हणून पावतीवर दिसतोच असे नाही. अनेकदा तो चलनाच्या भावातच मुरलेला असतो. म्हणूनच भाव कोणी दिला, केव्हा दिला आणि तो कधीपर्यंत टिकणार, या तीन प्रश्नांना महत्त्व येते.

कमांड लाइनचे जग

मोबाइलवरून पैसे पाठविणाऱ्यास रंगीत पडदा आणि बटणे दिसतात. पण बँका, कंपन्या आणि संशोधन संस्थांच्या संगणकांवर अशीही साधने असतात, ज्यांना ना चित्र, ना बटण. काळ्या पडद्यावर एक ओळ टंकायची, 'अमुक खात्यात इतके पाठव' आणि एन्टरची कळ दाबायची. उत्तरही अक्षरांतच येते. यालाच कमांड लाइन म्हणतात आणि तिच्यावरून सर्व्हरशी बोलून पैसे धाडणाऱ्या आज्ञावलीला 'पेमेंट क्लायंट'.

हा प्रकार जुनाट वाटला तरी त्याचा उपयोग संपलेला नाही. रात्री ठरलेल्या वेळी शेकडो पुरवठादारांची देणी चुकती करायची असतील, तर प्रत्येक वेळी कळ दाबायला माणूस बसविता येत नाही. तिथे एक आज्ञावली दुसरीला बोलावते, तिचे उत्तर वाचते आणि पुढचे पाऊल टाकते. म्हणजे या साधनाचा वाचक कधी माणूस असतो, तर कधी यंत्र. माणसाला अनेक भाव दिसले तर तो विचार करून निवड करू शकतो. एकाच ओळीची सवय असलेल्या यंत्रापुढे अचानक पाच ओळी आल्या, तर ते पहिलीच ओळ उचलते किंवा चक्क बंद पडते. बदल करताना या दोन्ही वाचकांची काळजी घ्यावी लागते.

बाजाराचा धडा

अनेक भाव एकामागून एक येणे, ही गोष्ट मुंबईच्या किनाऱ्याला नवी नाही. मढ, भाटी, वेसावे या गावांचे कोळी डोल जाळ्याने बोंबील, करंदी, जवळा पकडतात. मुंबईच्या बंदरांवर, उदाहरणार्थ १८७५ साली सुरू झालेल्या ससून डॉकमध्ये, पहाटे मासळीचा लिलाव होतो. तिथे पहिली बोली ऐकून कोणी पाटी उचलून देत नाही. बोली चढत जाते, कोणी मागे हटतो, कोणी नव्याने उतरतो आणि 'एकवार, दोनवार, तीनवार' झाल्यावर सौदा पक्का होतो. या रीतीत तीन नियम दडलेले आहेत. बोली कोणाची हे सर्वांना ठाऊक असते. त्याच माणसाची नवी बोली आली की जुनी रद्द होते. आणि थांबायचे केव्हा, हे आधीच ठरलेले असते.

एकच उत्तर घेणाऱ्या जुन्या आज्ञावलीला यांतला एकही नियम माहीत नसतो. तिच्यापुढे पाच जणांच्या बोली आल्या, तर ती पहिल्याला माल देऊन मोकळी होईल किंवा शेवटच्याला देईल. दोन्ही वेळा भाव योग्य असेलच याची खात्री नाही. पहिले उत्तर सर्वांत स्वस्त असते असे नाही. ते फक्त सर्वांत वेगवान सर्व्हरचे असते.

उत्तरे कोणत्या क्रमाने पोहोचतात, हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, हे मुंबईतच दिसून आले. दलाल स्ट्रीटवर १९९५ पर्यंत ओरडून सौदे होत. त्याच वर्षी मुंबई शेअर बाजारात 'बोल्ट' ही पडद्यावरची पद्धत आली. राष्ट्रीय शेअर बाजाराने ती १९९४ मध्येच सुरू केली होती. पुढे राष्ट्रीय शेअर बाजार प्रत्येक सौद्याची व मागणीची माहिती दलालांच्या संगणकांना प्रवाहाच्या रूपात देऊ लागला. सुरुवातीच्या पद्धतीत ही माहिती जोडलेल्या संगणकांना एकामागून एक धाडली जाई. साहजिकच आधी जोडणी करणाऱ्याला ती किंचित आधी मिळण्याची शक्यता होती. नंतर सर्वांना एकाच वेळी माहिती देणारी पद्धत स्वीकारण्यात आली. 'सेबी'ने एप्रिल २०१९ मध्ये या प्रकरणी ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह परत करण्याचा आदेश बाजाराला दिला. जानेवारी २०२३ मध्ये रोखे अपिलीय लवादाने तो रद्द ठरविला, मात्र पुरेशी दक्षता न घेतल्याबद्दल १०० कोटी रुपये भरण्यास सांगितले. कायद्याच्या अंगाने काहीही झाले, तरी तांत्रिक बोध स्पष्ट आहे. कोणाचे उत्तर आधी आले, याचा भावाच्या गुणवत्तेशी संबंध जोडू नये.

वेसाव्याहून मढला जाण्याच्या वाटा

भावांचा प्रवाह पैसे धाडणाऱ्या साधनापर्यंत कसा येतो, याचे बोलके उदाहरण म्हणजे २०१२ मध्ये सुरू झालेले 'एक्सआरपी लेजर' हे सार्वजनिक खातेवहीचे जाळे. भारतात अशा आभासी चलनाला कायदेशीर चलनाचा दर्जा नाही आणि त्याच्या व्यवहारातील नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून तीस टक्के कर आहे. त्यामुळे हे उदाहरण त्यात पैसे गुंतविण्याची शिफारस म्हणून घेऊ नये. मात्र या जाळ्याची रचना आणि नियम खुले असल्याने विषय समजण्यास ते सोयीचे आहे.

या जाळ्यात एका चलनातून दुसऱ्या चलनात पैसे नेण्याच्या अनेक वाटा असू शकतात. वेसाव्याहून मढला जायचे, तर खाडी ओलांडणारी फेरीबोट काही मिनिटांत पोहोचविते. रस्त्याने जायचे तर मालाड-मार्वेमार्गे वीसेक किलोमीटरांचा वळसा पडतो. पण फेरी बंद असेल किंवा सोबत मोटार असेल, तर तोच वळसा घ्यावा लागतो. कोणती वाट स्वस्त, हे वेळेवर आणि ओझ्यावर ठरते. पैशांचेही तसेच आहे. कधी थेट अदलाबदल स्वस्त पडते, कधी मधल्या तिसऱ्या चलनातून जाणे.

ही वाट शोधण्यासाठी सर्व्हरला दोन प्रकारे विचारता येते. 'रिपल पाथ फाइंड' या जुन्या आज्ञेला एकदाच उत्तर मिळते आणि विषय संपतो. 'पाथ फाइंड' ही दुसरी आज्ञा मात्र जोडणी उघडी ठेवते. सर्व्हर आधी एक घाईचे उत्तर देतो आणि नंतर सखोल शोधाची उत्तरे पाठवीत राहतो. या जाळ्यातील खातेवहीचे नवे पान साधारण तीन ते पाच सेकंदांनी बंद होते. पाने पालटतात तशा बाजारातील मागण्या बदलतात आणि त्यानुसार नवे भाव येत राहतात. प्रत्येक उत्तरासोबत 'पूर्ण उत्तर' अशी एक खूण असते. ती 'असत्य' असेल तर हा केवळ घाईत केलेला अंदाज आहे आणि याहून चांगली वाट सापडू शकते, असे समजायचे. जुन्या सवयीची आज्ञावली ही खूण न वाचताच पहिल्या उत्तरावर पैसे धाडते. तिथे वापरणाऱ्याचे नुकसान होते आणि त्याला ते कळतही नाही.

प्रत्येक भावाला ओळख

बदलाची पहिली पायरी म्हणजे येणाऱ्या प्रत्येक भावाची ओळख पटविणे. एक विचारणा आणि एक उत्तर असताना हा प्रश्नच उद्भवत नाही. प्रवाहात मात्र कोणते उत्तर कोणत्या विचारणेचे, हे सांगणारा क्रमांक लागतो. समजा, वापरणाऱ्याने आधी वीस हजारांचा भाव विचारला, मग विचार बदलून पंचवीस हजारांचा विचारला. पहिल्या विचारणेचे रेंगाळलेले उत्तर दुसरीनंतर येऊन पोहोचले, तर आज्ञावलीने ते बाजूला टाकले पाहिजे. वर सांगितलेल्या जाळ्यात एका जोडणीवर एका वेळी एकच शोध चालू राहतो. नवा शोध सुरू केला की जुना आपोआप बंद होतो. तरीही वाटेत असलेले संदेश ओळखण्याची जबाबदारी आज्ञावलीचीच राहते.

दुसरी गोष्ट, भाव साठविण्याची. आलेला प्रत्येक भाव यादीच्या तळाशी जोडत गेले, तर मिनिटाभरात शंभर ओळी होतील आणि त्यांतल्या बहुतेक शिळ्या असतील. त्याऐवजी भाव देणाऱ्या प्रत्येकाच्या नावाने एकच खण ठेवावा लागतो. त्याचा नवा भाव आला की जुना पुसायचा. एखाद्याने भाव मागे घेतला किंवा त्याची मुदत संपली, तर खण रिकामा करायचा. ज्याची जोडणी तुटली आहे, त्याचा शेवटचा भाव 'चालू' म्हणून दाखविणे ही यातली नेहमीची चूक असते.

स्वस्त कोण?

दुसरी पायरी तुलनेची. इथे वरवर पाहता सर्वांत चांगला दिसणारा भावच फसवू शकतो. एक काल्पनिक हिशेब पाहू. मढच्या खात्यात नेमके २०,००० रुपये पोहोचायला हवेत. 'अ' हा सिंगापूरच्या एका डॉलरला ६५.२० रुपये देतो, पण चार डॉलर शुल्क घेतो. 'ब' हा ६४.९० रुपये देतो आणि शुल्क घेत नाही. 'क' हा ६५.०५ रुपये देतो व दीड डॉलर शुल्क घेतो.

हिशेब केला तर 'अ'कडे ३१०.७५ डॉलर, 'ब'कडे ३०८.१७ डॉलर आणि 'क'कडे ३०८.९६ डॉलर मोजावे लागतात. म्हणजे ज्याचा भाव सर्वांत चढा तोच सर्वांत महाग पडला. आता रक्कम दोन लाख रुपये धरली, तर 'अ'कडे ३०७१.४९, 'ब'कडे ३०८१.६७ आणि 'क'कडे ३०७६.०६ डॉलर होतात. क्रम पूर्ण उलटला. म्हणून आज्ञावलीने नुसते दर शेजारी शेजारी मांडून भागत नाही. 'तुमच्या खिशातून एकूण किती जाणार आणि तिकडे एकूण किती पोहोचणार' या दोन आकड्यांवर तुलना करावी लागते. पाठविणाऱ्याने कोणती बाजू पक्की केली आहे, हेही पाहावे लागते. पोहोचणारी रक्कम पक्की असेल, तर सर्वांत कमी डॉलर घेणारा उत्तम. जाणारी रक्कम पक्की असेल, तर सर्वांत जास्त रुपये देणारा उत्तम. एकाच यादीत हे दोन प्रकार मिसळले, तर हिशेबाचा बोजवारा उडतो.

याच ठिकाणी पैशांच्या अपूर्णांकांची पूर्वापार चालत आलेली गफलतही डोके वर काढते. संगणकाची दशांश मोजण्याची सर्वसाधारण पद्धत ०.१ सारखी संख्या अचूक साठवू शकत नाही. एका व्यवहारात हा फरक नगण्य असतो. अनेक भावांची तुलना करून क्रम लावताना मात्र तो निकाल फिरवू शकतो. म्हणून रक्कम पैशांत किंवा सेंटमध्ये, पूर्णांक म्हणून धरण्याची शिस्त पाळली जाते. एक्सआरपी लेजरमध्येही मूळ चलनाच्या एका एककाचे दहा लाख भाग करून पूर्णांकांत हिशेब ठेवला जातो आणि रकमा संदेशात अक्षरांच्या रूपात पाठविल्या जातात.

थांबायचे केव्हा?

प्रवाहाला शेवट नसतो. पुढच्या क्षणी याहून स्वस्त भाव येईल, ही आशा नेहमीच शिल्लक राहते. त्यामुळे थांबण्याचा नियम आज्ञावलीत आधीच घालावा लागतो. ताजी मासळी विकणाऱ्याला फार थांबता येत नाही, ऊन चढले की माल उतरतो. वलांडीवर वाळविलेले बोंबील विकणारा मात्र बाजार पाहून थांबू शकतो. तसेच पैशांचेही असते. इस्पितळाची अनामत भरायची असेल, तर दोन सेकंदांत हाती आलेला उत्तम भाव घ्यावा. महिन्याचा घरखर्च पाठवायचा असेल, तर तीस सेकंद थांबण्यास हरकत नाही.

म्हणून वेळेची मर्यादा वापरणाऱ्याला ठरविता यावी. ती न दिल्यास आज्ञावलीने काय करावे, तेही लिहून ठेवलेले असावे. याखेरीज आणखी दोन नियम उपयोगी पडतात. सर्वांची उत्तरे आली, तर मुदत उरली असली तरी थांबावे. आणि वापरणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेत एकही भाव बसला नाही, तर त्यातल्या त्यात बरा भाव निवडण्याऐवजी स्पष्ट नकार द्यावा. हा शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. रात्री आपोआप चालणाऱ्या कामात 'काहीतरी करून पैसे पाठविले' यापेक्षा 'पाठविले नाहीत, कारण भाव मर्यादेबाहेर होता' ही नोंद सकाळी अधिक उपयोगी ठरते.

भावाला मुदत असते, हेही विसरून चालत नाही. देणारा 'हा भाव अमुक वेळेपर्यंत' असे सांगतो. पण आपल्या संगणकाचे घड्याळ आणि त्याच्या सर्व्हरचे घड्याळ यांत दहा सेकंदांचा फरक असेल, तर आपल्याला जिवंत वाटणारा भाव तिकडे मेलेला असू शकतो. म्हणून मुदतीच्या अगदी टोकाला असलेला भाव निवडू नये, थोडी सैल जागा ठेवावी.

'हो' कोणत्या भावाला?

सर्वांत नाजूक क्षण येतो तो वापरणाऱ्याच्या संमतीचा. पडद्यावर भाव सतत बदलत आहेत. सर्वांत वरचा भाव 'ब'चा आहे असे पाहून माणूस 'हो' टंकतो. त्याचे बोट कळेवर पोहोचेपर्यंत यादी हलते आणि वर 'क' येतो. आज्ञावलीने 'यादीतील पहिला' असा अर्थ घेतला, तर माणसाने न पाहिलेल्या भावावर त्याची संमती लागते. पैशांच्या व्यवहारात हे अक्षम्य आहे.

यावर उपाय अवघड नाही. निर्णय विचारण्याची वेळ आली की यादी गोठवावी, प्रत्येक भावाला अक्षर किंवा क्रमांक द्यावा आणि माणसाने तो क्रमांक टंकावा. संमती त्या भावाच्या ओळखक्रमांकाशीच बांधली जावी. त्या दरम्यान तो भाव बाद झाला, तर गुपचूप दुसरा न घेता पुन्हा विचारावे. याहून पक्की कडी म्हणजे सर्व्हरला आदेशातच कमाल मर्यादा सांगणे. एक्सआरपी लेजरमध्ये पैसे पाठविण्याच्या आदेशात 'सेंडमॅक्स' हा रकाना असतो. त्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त पैसे पाठविणाऱ्याच्या खात्यातून जाऊच शकत नाहीत. वाट शोधताना सर्व्हरने चुकीचा किंवा महाग मार्ग सुचविला, तरी ही मर्यादा आड येते. अनोळखी सर्व्हरने सुचविलेल्या वाटेवर डोळे झाकून विसंबू नये, हा इशारा या जाळ्याच्या अधिकृत दस्तऐवजातही आहे.

संमती मिळाली, आदेश निघाला आणि तेवढ्यात जोडणी तुटली, तर? पैसे गेले की नाही, हे कळत नाही. अधीर आज्ञावली पुन्हा आदेश पाठविते आणि मढच्या खात्यात एकदाऐवजी दोनदा वीस हजार जमा होतात. भावांचा प्रवाह आल्यानंतर हा धोका वाढतो. कारण दुसऱ्या वेळी निवडलेला भाव वेगळा असल्याने तो आदेश सर्व्हरला नवाच वाटतो. म्हणून व्यवहाराचा क्रमांक भावाशी न बांधता मूळ हेतूशी बांधावा लागतो. 'या महिन्याचा घरखर्च' हा एक हेतू, त्याला एकच क्रमांक. वर उल्लेखिलेल्या जाळ्यात प्रत्येक खात्याच्या आदेशांना चढता क्रमांक असतो आणि एक क्रमांक एकदाच खर्ची पडतो. शिवाय आदेशात 'अमुक पानापर्यंत नोंद झाली नाही, तर हा आदेश कायमचा रद्द' असेही सांगता येते. ते पान उलटले की पुन्हा प्रयत्न करणे निर्धोक होते.

जुन्या घड्या मोडू नयेत

या सगळ्या सुधारणा करताना जुन्या वापरकर्त्यांचे काय, हा प्रश्न उरतो. एकाच ओळीचे उत्तर अपेक्षिणाऱ्या शेकडो छोट्या आज्ञावल्या कार्यालयांतून निमूटपणे चालत असतात. त्या लिहिणारी माणसे कधीच दुसरीकडे गेलेली असतात. म्हणून शहाणा अभियंता जुनी आज्ञा जशीच्या तशी ठेवतो. ती आतून अनेक भाव मागविते, नियमानुसार थांबते आणि निवडलेला एकच भाव पूर्वीच्याच रूपात छापते. ज्यांना प्रवाह पाहायचा आहे, त्यांच्यासाठी वेगळा पर्याय दिला जातो.

दुसऱ्या यंत्राने वाचायचा मजकूर आणि माणसासाठीचा मजकूर यांचे मार्गही वेगळे ठेवावे लागतात. कमांड लाइनवर निकाल 'स्टँडर्ड आउटपुट'ने जातो आणि सूचना, प्रगती वा तक्रारी 'स्टँडर्ड एरर'ने. 'तीन जणांचे भाव आले, दोघांची वाट पाहत आहे' ही ओळ पहिल्या मार्गाने गेली, तर पलीकडची आज्ञावली तिलाच भाव समजेल. काम संपल्यावर दिला जाणारा अंकही बोलका हवा. व्यवहार झाला, भाव मर्यादेबाहेर गेला, मुदत संपली, की निकालच अनिश्चित आहे, या चार गोष्टींना चार वेगळे अंक. यांतल्या शेवटच्या अवस्थेला सरसकट 'अपयश' म्हणणे हेच दुहेरी भरण्याचे मूळ असते.

शेवटी चाचणी. बाजार खरा असताना तोच तो प्रसंग पुन्हा घडविता येत नाही. म्हणून भाव देणारा एक खोटा सर्व्हर तयार करतात. तो मुद्दाम उशिरा उत्तरे देतो, तेच उत्तर दोनदा देतो, क्रम उलटापालटा करतो, भाव देऊन लगेच मागे घेतो आणि मधेच जोडणी तोडतो. या छळातून आज्ञावली तावून सुलाखून निघाली, तरच तिच्या हाती खरे पैसे द्यावेत.

सामान्य ग्राहकाच्या वाट्याला काय?

हा सारा ऊहापोह तंत्रज्ञांपुरता मर्यादित वाटेल. पण भाव उघडपणे दिसावा आणि तो अनेकांकडून यावा, ही मागणी भारतातील धोरणकर्त्यांनीही मान्य केलेली आहे. क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या मुंबईतील संस्थेने ५ ऑगस्ट २०१९ रोजी 'एफएक्स-रिटेल' हा मंच सुरू केला. बँकेने सांगितलेला एकच भाव मुकाट्याने न स्वीकारता किरकोळ ग्राहकाला डॉलर-रुपयाचा चालू बाजारभाव पाहून सौदा करता यावा, हा त्यामागचा हेतू. बँकेचा मोबदला आधी ठरलेला असल्याने तो भावात लपत नाही. हा मंच 'भारत कनेक्ट'शी जोडून अधिक लोकांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव रिझर्व्ह बँकेने ६ डिसेंबर २०२४ च्या धोरणात मांडला.

सिंगापूरपुरते बोलायचे, तर भारताची 'यूपीआय' आणि तेथील 'पे-नाऊ' या व्यवस्था २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जोडल्या गेल्या. त्यापुढचे पाऊल म्हणजे 'प्रोजेक्ट नेक्सस'. भारत, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड यांच्या तत्काळ भरणा व्यवस्था एकाच जाळ्यात गुंफण्याच्या या करारावर ३० जून २०२४ रोजी स्वित्झर्लंडमधील बासेल येथे स्वाक्षऱ्या झाल्या. त्याच्या आराखड्यात एका देशाच्या जोडीसाठी चलनाचा भाव देणारे अनेक जण असू शकतात आणि प्रत्येक भावाला स्वतःचा क्रमांक व मुदत असते. म्हणजे वर सांगितलेले सर्व प्रश्न, ओळख, तुलना, मुदत आणि संमती, तिथेही तसेच उभे राहतात. फरक इतकाच की काळ्या पडद्याऐवजी ते बँकेच्या ॲपमागे दडलेले असतात.

अनेकांनी भाव दिले म्हणजे ग्राहकाचा फायदा होतोच, असे मानण्याचे कारण नाही. स्पर्धेचा लाभ कोणाच्या पदरी पडेल, हे निवड करणारी आज्ञावली कोणाच्या बाजूने लिहिली आहे यावर ठरते. तिने सर्वांत स्वस्त भाव निवडून ग्राहकाला दाखविला, की स्वतः स्वस्तात घेऊन ग्राहकाला महाग भाव सांगितला, हे पावतीवरून कळायला हवे. त्यासाठी ग्राहकाने 'शुल्क किती' एवढेच विचारून थांबू नये. माझ्या खात्यातून एकूण किती जाणार, तिकडे नेमके किती पोहोचणार आणि हा भाव किती वेळ टिकणार, हे तीन आकडे कळ दाबण्यापूर्वीच मागावेत. जी सेवा हे आकडे देत नाही, तिच्याऐवजी देणारी निवडण्याचा अधिकार ग्राहकाला आहेच.